दावं माझ्यापाशीच

मी सांगितलेल्या पहिल्याच भावाला तो माणूस "चालेल मॅडम" म्हणाला आणि मला त्याचा राग आला. संशय नंतर आला, आधी राग. त्या दिवशीच्या बाजारभावावर मी शेकडा चार मुद्दाम चढवून सांगितले होते. तो खाली ओढणार, मी ओरडणार, मग दोघं मधे कुठंतरी थांबणार, असा माझा हिशोब. इतकी वर्षं धंदा करते, पहिल्या भावाला मला कुणी "चालेल" म्हटलेलं नाही. दोनशे रुपयांच्या तिपाईलाही माणसं अर्धा तास घालवतात. आणि हा माझे बिटकॉइन घ्यायला निघालेला माणूस, न बघता, न ओढता, चालेल म्हणतो!

छावणीत माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. लष्करातल्या लोकांची बदली निघाली की त्यांना थोड्या दिवसांत घर मोकळं करावं लागतं. वेताच्या खुर्च्या, लोखंडी कपाट, फ्रिज, मुलांची सायकल, सगळं बरोबर नेणं परवडत नाही. मी जाते, बघते, नाक मुरडते, भाव पाडते आणि उचलून आणते. घासूनपुसून तेच सामान बदलीवर नव्यानं आलेल्यांना विकते. सुरुवात पत्र्याच्या एका पेटीपासून केली. यजमान वाळूजच्या कंपनीत होते. त्यांचा पगार घरात जायचा, दुकान माझं मीच उभं केलं. कुणी मदत केली असेल तर पुढं यावं, मी आत्ता हात जोडते. इतकी वर्षं झाली, कुणी आलेलं नाही.

याच छावणीच्या आठवडी बाजारात माझे वडील गुरांची दलाली करायचे. गुरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात दस्तीखाली जातात (रुमालाला आम्ही दस्ती म्हणतो) आणि बोटं दाबून सौदा होतो. एक बोट म्हणजे एक, अख्खी मूठ म्हणजे पाच, शेकडा की हजार ते आधी कानात सांगायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. थोरल्या भावाला वडिलांनी मिसरूड फुटायच्या आधीच दस्तीखाली हात घालायला शिकवलं. मी भाकरीचं फडकं घेऊन जायचे. एकदा मलाही शिकवा म्हटलं, तर वडील हसून म्हणाले, "पोरीचा हात कोण धरील बाजारात?" मग मी लांब बसून त्या दोघांच्या खांद्यांकडे बघायला लागले. एक बोट दाबलं की खांदा जरासा हलतो, मूठ आवळली की कोपर आत येतं. दोन वर्षांत मला दस्तीच्या बाहेरून भाव कळायला लागला. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, दलाली भावालाच मिळायची होती आणि मिळालीही.

त्या बाजारातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या. चोरीचं जनावर नको म्हणून वडील विकणाऱ्याला दहा पावलं लांब उभं करायचे आणि हाक मारायला लावायचे. बैलानं त्याच्याकडे मान वळवली की मालकी पटली. आणि सौदा झाला की घेणारा स्वतःचं दावं, म्हणजे बैल बांधायची दोरी, आणायचा. विकणारा आपलं दावं सोडून, गुंडाळून घरी घेऊन जायचा. बैल कितीही मोठ्या किमतीला जावो, बैलाबरोबर दावं कुणी देत नाही.

बिटकॉइन मला एका मेजरसाहेबांच्या बायकोनं शिकवले. ती घरात बसून कॉम्प्युटरचं काम करायची. तिच्या पलंगासाठी मी तिच्याशी दोन दिवस भांडले आणि त्या भांडणातून आमची मैत्री झाली. माझ्याच नावानं, माझ्याच बँक खात्यातून, रीतसर कागदपत्रं देऊन तिनं मला एका एक्स्चेंजवर, म्हणजे ही नाणी घेता-विकता येतात अशा वेबसाइटवर, खातं उघडायला लावलं. दर महिन्याला थोडं थोडं घेत गेले. जरा साठल्यावर तिनं ते पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रात काढून ठेवायला शिकवलं. यंत्रानं चोवीस शब्द दाखवले, साधे इंग्रजी शब्द. तिनं ते कागदावर लिहून घ्यायला लावले. फोटो नाही, मेसेज नाही.

"ताई, यंत्र हरवलं तरी चालेल," ती म्हणाली. "पण हे शब्द दुसऱ्याच्या हातात गेले की नाणी त्याची. कुणालाही सांगायचे नाहीत. मी विचारले तर मलासुद्धा."

"म्हणजे दावं," मी म्हटलं. तिला कळलं नाही, मी समजावून सांगितलं. मग मी तिला विचारलं, "आणि उद्या कुणी म्हणालं, ही नाणी तुझी कशावरून? तर मी काय हाक मारायची?"

हा प्रश्न तिला फार आवडला. तिनं मला सही करायला शिकवली. समोरच्यानं कुठलंही एक वाक्य द्यायचं. आपण ते यंत्राकडे पाठवायचं, यंत्राचं बटण दाबायचं, की अक्षरांची एक लांब ओळ बाहेर येते. ती ओळ, ते वाक्य आणि आपल्या नाण्यांचा पत्ता समोरच्याला दिला की तो स्वतः तपासू शकतो. सही जुळली म्हणजे त्या पत्त्याची किल्ली आपल्याच हातात आहे. नाणी जागची हलत नाहीत, शब्द यंत्राबाहेर पडत नाहीत. बैलानं नुसती मान वळवायची. तिची बदली व्हायच्या आधी मी ही सही बारा-पंधरा वेळा करून बघितली.

भाचीच्या साखरपुड्यात थोरल्यानं भर पंगतीत विचारलं होतं, "हिनं म्हणं हवेत पैशे घातलेत. एखादं नाणं दाखव की गं, बघू दे पाव्हण्यांना!" सगळे हसले. जिलेबी ताटात तशीच टाकून मी उठून आले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

मग दुकानाच्या गाळ्याचं निघालं. गाळा भाड्याचा होता. मालक वयस्कर, मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. ते म्हणाले, "आपा, पाडव्यापर्यंत पहिला हक्क तुमचा. उसके बाद दूसरा गिऱ्हाईक खड़ा है." तो दुसरा म्हणजे मोबाइलवाला, गाळा पाडून काचेचं दुकान करणार होता. इतक्या वर्षांची माझी जागा, माझी गिऱ्हाइकं, सगळं पाडव्याला संपणार होतं. माझ्याकडे तेवढी रक्कम एकाच ठिकाणी होती, त्या नाण्यांत.

ही बातमी थोरल्याच्या कानावर कशी गेली देव जाणे. चार दिवसांत तो दुकानात हजर.

"अगं, तुझी ती नाणी विकायचीत म्हणं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळी छावणी सांगायली. माझ्याकडं गिऱ्हाईक हाय. पुण्याचा. लई मोठा माणूस, रोज घ्यायलाय असली नाणी."

"तुझ्या ओळखीचा?"

"ग्रुपवरची वळख हाय. पण माणूस खानदानी, बोलण्यावरून कळतंय की."

त्यानं तिथंच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसला. मी चढा भाव सांगितला आणि तो "चालेल मॅडम" आला.

"पेमेंट लगेच करतो," तो माणूस म्हणाला. "फक्त नाणी तुमचीच आहेत याची खात्री करावी लागते. एक लिंक पाठवलीय, ती उघडा."

लिंक माझ्या फोनवर आली. हिरवं कुलूप, सरकारी वाटावा असा शिक्का आणि खाली चोवीस रिकामे चौकोन.

"हे कशासाठी?"

"तुमचे चोवीस शब्द भरायचे. दोन मिनिटांत सर्टिफिकेट येतं."

"खात्रीच पाहिजे ना? मग तुम्ही मला एक वाक्य द्या. मी त्याच्यावर सही करून पाठवते, तुम्ही तपासा."

"आमची सिस्टीम सही घेत नाही, मॅडम."

"मग घेती काय तुमची सिस्टीम?"

"शब्द. ते सुरक्षित असतात. आम्हालासुद्धा दिसत नाहीत."

"तुम्हाला दिसत नाहीत तर खात्री कुणाला होणार? भिंतीला?"

थोरला खुर्चीत पुढं सरकला. "दे की शब्द. चोवीस शब्दांनं काय हुतंय? एवढं तर तू एका दमात बोलतीस."

तेवढ्यात थोरल्याच्या फोनवर बँकेच्या पावतीचा फोटो आला. पूर्ण रक्कम, माझं नाव, खाली लिहिलेलं की खात्री होईपर्यंत पैसे अडकून राहतील. थोरला उडालाच. "आले की गं पैशे! हे बघ फोटू!"

मी माझ्या बँकेचं ॲप उघडलं. एक रुपयाही आलेला नव्हता. "फोटूवर गाळा मिळतो का रे? चल, मालकाला फोटू देऊन येऊ."

तेव्हा तो पुण्याचा घाईला आला आणि तिथं चुकला. "मॅडम, उशीर नका करू. दादांचं कमिशनपण आजच सोडायचंय."

मी थोरल्याकडे बघितलं. तो छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

"कमिशन? माझ्या सौद्यावर?"

"धंदा हाय गं. बापाच्या सौद्यावरबी घेतलं असतं."

"आणि मला न सांगता?"

"दलाली सांगून घेत असतेत का?"

यानंतर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारचे दोन दुकानदार पायऱ्यांवर आले. पुण्याच्या माणसाला मी त्याच्या सात पिढ्यांसकट ऐकवलं. शेवटी विचारलं, खरंच घ्यायचं असतं तर चार टक्के वर देताना तुझ्या तोंडातून एक तरी शब्द निघाला नसता का? ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो भाव कशाला पाडेल? त्यानं फोन कापला. थोरला उठला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "तुझ्या तोंडापायी गिऱ्हाईक पळालं. आता गाळा गेला तर माझ्याकडं रडत यायचं नाय."

गेले नाही.

ज्या एक्स्चेंजवरून पहिलं नाणं घेतलं होतं त्याचीच वेबसाइट मी स्वतः नाव टाइप करून उघडली. कुणी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवलं नाही. जुन्या खरेदीच्या पावत्या आणि बँकेचे उतारे काढून ठेवले. नाणी परत त्या खात्यात घालायची म्हटल्यावर त्यांनीही विचारलं, ज्या पत्त्यावरून येणार तो तुमचाच कशावरून? पण त्यांनी शब्द मागितले नाहीत. त्यांनी एक वाक्य दिलं आणि म्हणाले, यावर सही करा.

मी टेबलावरच्या खुर्च्या बाजूला केल्या, यंत्र जोडलं, वाक्य घातलं आणि बटण दाबलं. अक्षरांची ती लांब ओळ आली, पाठवली. थोड्या वेळानं उत्तर आलं की पत्ता तुमचाच आहे, मंजूर. दुकानात मी एकटीच होते. तरी मी मान ताठ करून बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी हाक मारली होती आणि बैलानं मान वळवली होती.

आधी अगदी थोडी नाणी पाठवून बघितली. ती पोचल्यावर बाकीची पाठवली. विकताना समोर माणूस नाही, एक्स्चेंजचा पडदाच, त्याच्याशी घासाघीस कशी करणार? त्यानं त्या क्षणीचा भाव दाखवला. त्यातून जागच्या जागी थोडा कर कापला जाणार होता, उरलेला वर्षअखेरीला भरायचा होता. चार टक्के चढा वगैरे काही नाही. मी दातओठ खाऊन "चालेल" दाबलं. पैसे माझ्या खात्यात आले. मेसेजवर विश्वास न ठेवता मी बँकेत जाऊन पासबुक छापून घेतलं, मग मालकाकडे गेले. कराची रक्कम मी वेगळी काढून ठेवली होती, तरी गाळ्याचं भागलं. एकरकमी देते म्हणून त्यांच्याकडून थोडं पाडूनही घेतलं. ते म्हणाले, "आपा, तुमने तो जाते-जाते भी नहीं छोड़ा." पाडव्याच्या आधी गाळा माझ्या नावावर झाला. यंत्रात आता थोडीच नाणी उरलीत. चोवीस शब्दांचा कागद कुठं आहे, ते मी इथंही लिहिणार नाही.

थोरला सहा महिने फिरकला नाही. मग भाचीच्या लग्नाला कपाट पाहिजे म्हणून टेम्पो घेऊन आला. आतल्या बाजूचं आरशाचं सागवानी कपाट त्याच्या डोळ्यांत भरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, खिशातून दस्ती काढली, आपल्या हातावर टाकली आणि हात माझ्यापुढं धरला. कानात म्हणाला, "हजारात."

मी हात आत घातला. त्यानं बोटं धरली, मी सोडवून घेतली आणि माझा आकडा दाबला. त्यानं परत खाली आणला, मी परत वर नेला. चार-पाच वेळा झालं. त्याचे डोळे बारीक झाले.

"हे कुठं शिकलीस?"

"तुझ्या खांद्याकडं बघून."

शेवटी मी अर्ध्या बोटानं खाली आले, भाचीचं लग्न म्हणून. त्या कमिशनचं त्यानं काढलं नाही आणि मीही काढलं नाही, पण ते माझ्या डोक्यात आहे हे त्याला माहीत आहे.

कपाट टेम्पोत चढलं. बांधायला काही नव्हतं. दाराजवळच्या खिळ्याला माझी नायलॉनची दोरी टांगलेली होती, तिला त्यानं हात घातला.

"ती ठेव," मी म्हटलं. "दोरी तुझी आण."

तो थबकला. मग वडील हसायचे तसं हसला आणि समोरच्या दुकानात दोरी विकत घ्यायला गेला.