पाणी पडेल तिथे झाड

युसूफ सर गेल्याची बातमी आली, तेव्हा मी त्यांनाच पत्र लिहीत बसलो होतो. 'आपणांस अखेरची विनंती करण्यात येते की' इथवर मजकूर आला होता. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना फटका मारण्याची नेमकी कोणती रीत शिकवावी, या एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर मी त्यांच्याकडे कित्येक वर्षे मागत होतो आणि ते देत नव्हते. फोन माझी नात मुक्ता हिचा होता. "आजोबा, सर गेले," एवढेच ती म्हणाली... आणि खरे सांगायचे तर मला आधी आला तो संताप. उभा जन्म माजलगावच्या न्यायालयात वकिलीत गेला. निकाल राखून ठेवणारे न्यायाधीश पुष्कळ पाहिले. निकाल न देताच उठून गेलेला हा पहिलाच. कब्रस्तानात मूठभर माती देतानाही तो संताप पुरता निवला नव्हता.

युसूफ सर दिंद्रुडच्या एका फळविक्रेत्याचे चिरंजीव. ते क्रीडाशिक्षक झाले आणि क्रिकेटपलीकडे काही न जाणणाऱ्या आमच्या गावात त्यांनी सॉफ्टबॉल आणला, तोही मुलींसाठी. घरोघर जाऊन, बापांच्या शिव्या हसून ऐकून, त्यांनी मुली मैदानावर आणल्या. मात्र पहिले कित्येक दिवस त्यांच्या हाती बॅट दिलीच नाही. दिली ती बादली. शाळेत दुपारच्या खिचडीची ताटे धुतली की ते पाणी बादल्यांत साठवले जाई. मुलीने फलंदाजासारखे आडवे उभे राहायचे, बादली दोन्ही हातांनी धरायची आणि पाणी होईल तितके दूर फेकायचे. नुसत्या हातांनी फेकले की ते स्वतःच्याच पायांवर सांडे आणि बाकीच्या खिदळत. आधी कंबर वळली आणि हात तिच्यामागून आले, तर तेच पाणी चादरीसारखे पसरून लांब जाई. "पाणी आधी कमरेला कळतं, मग हाताला," सर म्हणत. ज्या जागी मुलीचे पाणी पहिल्यांदा लांब पडे, त्या जागी ते तिच्या नावाचे कडुनिंबाचे रोप लावीत. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाणी उगाच फेकायचे नसते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

मुक्ता नववीत असताना जिल्ह्याच्या निवड शिबिराला गेली. तिथल्या प्रशिक्षकांचे शास्त्र निराळेच होते. वजन मागच्या पायावरून सरळ पुढच्या पायावर टाका, हात थेट चेंडूकडे न्या, बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आणा आणि चेंडू जमिनीवर दाबा, असे ते सांगत. कंबर फिरवून चेंडूच्या वाटेने बॅट किंचित वर नेणे ही त्यांच्या लेखी खोड होती, आणि ती मोडल्याशिवाय संघात जागा नाही, असे त्यांनी पोरीला बजावले. ती परतली ती निम्मी इकडची, निम्मी तिकडची होऊन. बॅटला चेंडू लागेना. एके संध्याकाळी तिने बूट कोपऱ्यात भिरकावले आणि खेळ सोडते म्हणाली.

मी त्याच दिवशी निवड समितीच्या नावे तक्रारअर्ज लिहिला. नैसर्गिक न्याय, सुनावणीची संधी, कारणे नमूद न करता केलेली सक्ती... सारे मुद्दे क्रमवार मांडले आणि सरांची सही घ्यायला गेलो. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत शांतपणे वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"मी सही करणार न्हाई, वकीलसाहेब."

"कारण?"

"कारण त्यांचं चूक न्हाई."

त्यांनी मला तसेच मैदानावर नेले. मला चेंडू अडवायला उभे केले, नडग्यांना लागू नये म्हणून पुरेसे दूर, आणि प्रशिक्षकांच्या रीतीने वरून खाली एक फटका मारला. चेंडू मुरमावर आपटला, खड्याला लागून उसळला आणि माझ्या खांद्यावरून निघून गेला. दुसराही तसाच गेला. सर म्हणाले, जिल्ह्यातली सगळी मैदाने अशीच मुरमाड. असा चेंडू कोणाच्या बापाला अडवता येत नाही, म्हणून इथे ते शिबिरवाले जिंकतात. मी विचारले, म्हणजे तुमची रीत खोटी? तर म्हणाले, "माझी बी खरी हाय. तिकडं राज्याला गवत असतंय. तिथं त्यो चेंडू उसळत न्हाई, गप जाऊन हातात बसतोय." मग दोहोंपैकी योग्य कोणती, ते लिहून द्या, असा मी आग्रह धरला. ते हसले. "तुमी लई चांगलं लढता, वकीलसाहेब. पण नुसत्या हातानं लढता."

मुक्ताला त्यांनी कोणताच आदेश दिला नाही. तिच्या निंबापाशी नेले आणि विचारले, "हे पाणी कोणी फेकलं होतं, बेटा?" बस्स. निवडीच्या दिवशी ती आपल्याच फटक्याने खेळली. चेंडू उंच गेला, दूर गेला आणि अगदी सीमेजवळ झेलला गेला. तिचे नाव यादीत आले नाही. मी कडाडलो, सर मात्र तिच्या पाठीवर थाप देऊन म्हणाले, "निवड हुकली. फटका न्हाई हुकला." त्यानंतरचे वर्षभर त्यांनी तिला कुऱ्हाडीचा फटकाही शिकवला, आणि तो नीट कळावा म्हणून त्या शिबिरातल्या प्रशिक्षकांनाच गावात बोलावून घेतले. ज्यांच्याविरुद्ध मी अर्ज लिहिला होता, त्यांना मला माझ्याच अंगणात चहा पाजावा लागला. पुढल्या निवडीत मुक्ता मुरमावर एक रीत खेळली आणि राज्य स्पर्धेत गवतावर दुसरी. तरीही माझी पत्रे थांबली नाहीत. मला निर्णय हवा होता. एक प्रश्न, एक उत्तर... कायदा असाच चालतो, असे मी आजही मानतो.

परवा मुक्ता मला मैदानावर घेऊन गेली. आता सुट्टीत ती तिथल्या लहान मुलींना शिकवते. कडेची ती निंबाची झाडे मी प्रथमच नीट पाहिली. एकही दुसऱ्याच्या ओळीत नाही. कोणी जवळ, कोणी लांब, आणि मुक्ताचे तर सगळ्यांच्या विरुद्ध बाजूला, कारण ती डावखुरी. मुलींनी बादली माझ्या हाती दिली. नको म्हणता येईना. आडवा उभा राहिलो, बळ लावले आणि सगळे पाणी माझ्याच चपलांवर सांडले. पोरी खिदळल्या. मुक्ता कुदळ घेऊन आली आणि माझ्या पायाजवळ खणू लागली. इथे झाड आले तर उद्या पाणी फेकायला उभे कुठे राहणार, अशी रास्त हरकत मी घेतली.

"सरांचा नियम हाय, आजोबा," ती खणता खणता म्हणाली. "पाणी पडेल तिथं झाड."

नियम म्हटल्यावर मी बाजूला झालो.