लढाईच्या टायमाचा एक तास

घड्याळांना किल्ली देणाऱ्या माणसानं मला अख्ख्या एका तासाला गंडवलं. माझ्याच दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर, माझाच चहा पीत. हे आधी सांगून ठेवतो. पुढं त्याच्याबद्दल चार बरे शब्द येतील आणि तुमचा समज होईल की मी सगळं विसरलो. विसरलेलो नाही.

त्या वर्षांत कोल्हापूरच्या आमच्या पेठेत तुमचं जाणंयेणं असेल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. काळी टोपी, काखेत किल्ल्यांची पिशवी. दर गुरुवारी यायचा, स्टुलावर चढायचा आणि घड्याळाचं दार उघडण्याआधी डोळे मिटून त्याला कान लावायचा. आपण काही बोलायला गेलो की बोट वर. "थांबा. ते बोलतंय." मग खाली बघून म्हणायचा, "चालतंय की. चालू दे." सगळे त्याला मास्तर म्हणायचे. कुठल्या शाळेचा, देव जाणे.

माझं भांड्यांचं दुकान. डोक्यावर पाटी घेऊन खेडोपाडी फिरलो, त्यातून ते उभं राहिलं. बापाचा पैसा नाही, कुणाची मेहेरबानी नाही. त्यामुळे मिळालेली वस्तू सोडायची मला सवय नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळ्यांची घड्याळं एक तास पुढं करायला लावली होती. लढाई संपली आणि पावसाळा सरल्यावर हुकूम आला, की आता तास परत मागं घ्या. मास्तरची चैन झाली. ठोके देणारं घड्याळ उलटं फिरवलं तर ठोके बिघडतात. म्हणून लंबक थांबवायचा आणि तासभर वाट बघून परत सोडायचा. हा तासभर मास्तर त्या त्या घरी बसून राहायचा. चहा, चिवडा, सुनेची तक्रार, सासूची तक्रार. आमची एक गल्ली मागं यायला आठवडा लागला. तोवर निम्म्या घरांत दहा वाजलेले आणि निम्म्यांत अकरा.

माझ्याकडं आला तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, हात लावू नका. माझं पुढंच राहू दे."

"लढाई संपली की, मालक."

"तुमची संपली असंल. माझी समोरच्याशी हाय."

समोर दुसरं भांड्यांचं दुकान होतं. ते उघडायचं नऊला. मीही नऊलाच उघडायचो, पण माझ्या घड्याळाच्या. म्हणजे त्याच्या तासभर आधी. मलकापूरची मोटार साडेआठच्या सुमाराला लागायची. लग्नाची भांडी घ्यायला आलेली मंडळी उतरली की सगळ्या पेठेत एकट्या माझ्याच फळ्या निघालेल्या. बंद मात्र मी सगळ्यांबरोबर करायचो, दिवेलागण झाल्यावर. तीन वर्षं हे असं बिनबोभाट चाललं.

माझ्याकडं दोन माणसं होती. वजनकाट्यावर म्हादबा आणि चिंचेनं भांडी घासून लखलखीत करणारी तानूबाई. ती नदीपलीकडून चालत यायची. अंधारात भाकऱ्या थापून निघते, असं एकदा ती मास्तरला सांगत होती. मीही ऐकलं. तो स्टुलावर होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय की." मला वाटलं, नेहमीचंच.

संस्थान विलीन झालं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या ध्यानात आलं की समोरचा हल्ली लवकर यायला लागलाय. आधी तासाचं अंतर होतं, मग अर्ध्या तासाचं, मग पाव. मी रस्त्यातूनच ओरडलो, "काय पावणं, झोप येत न्हाय व्हय आजकाल?"

तो म्हणाला, "मी रोजच्याच टायमाला येतोय. तुमचंच काय ते बघा."

पौषात एक दिवस त्याच्या आणि माझ्या फळ्या एकदमच निघाल्या. माघातल्या लग्नाच्या खरेदीला मलकापूरचं मोठं वऱ्हाड आधीच येऊन रस्त्यात उभं होतं. दोन्हीकडं बघितलं आणि त्याच्याकडं गेलं. घागरी, पराती, समया, सगळं तिकडं. मी गिरणीचा भोंगा झाल्यावर घड्याळ ताडून बघितलं. माझं घड्याळ सरकारी टायमावर आलेलं!

गुरुवारी मास्तर आला. मी त्याला स्टुलावर चढूच दिलं नाही. "माझा तास कुठं गेला?"

"जिथनं आणलावता, तिथं गेला."

त्यानं लंबकाखालची चाकी जराशी फिरवून ठेवली होती. घड्याळ रोज एक मिनिट हळू. थंडीत उजाडायलाच उशीर, त्यामुळे उन्हाकडं बघूनही मला काही कळलं नाही. दोन महिन्यांत तास गेला आणि त्यानं चाकी परत जागेवर आणली. म्हादबा आणि तानूबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक. रोज एक मिनिट सावकाश यायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं.

"कुणाला विचारून केलं हे?"

"घड्याळाला," तो म्हणाला. "तीन वर्षं खोटं बोलून दमलंवतं ते. चहा सांगा."

मी चहा सांगितला. राग वेगळा, चहा वेगळा. आणि तो बशीत ओतत असताना मी मुद्द्यावर आलो. "अर्धा तास तरी परत द्या."

"न्हाय."

"पंधरा मिनिटं."

"मालक, ही परात हाय व्हय?"

"दहा. शेवटचं."

त्यानं बशी ठेवली, स्टुलावर चढून घड्याळाला कान लावला, डोळे मिटले. "पाच," तो म्हणाला. "तेबी तुमचं तोंड बघून." त्या पाच मिनिटांत मला एकही गिऱ्हाईक मिळालेलं नाही. पण ती मी मिळवलेली आहेत.

पुढं कितीतरी वर्षं तो येत राहिला. मी दर गुरुवारी त्याला चोर म्हणायचो, तो दर गुरुवारी चहा मागायचा. मग नजर अधू झाली आणि तो कुरुंदवाडला लेकीकडं गेला. जाताना मला किल्ली कशी द्यायची ते शिकवून गेला. पाच मिनिटं काही काढून घेतली नाहीत.

गेल्या महिन्यात एक दिवस म्हादबा आला नाही. म्हणे अंगात ताप. तानूबाईही आली नाही. म्हणे भाचीची सुपारी फोडायचीय. समोरचंही दुकान बंद. मी खुशीत होतो. दिवसभर पेठ माझी.

दुसऱ्या दिवशी समोरच्यानं फळ्या काढता काढता विचारलं, "कुरुंदवाडला तुम्ही दिसला न्हाय?"

मास्तर वारला होता. सगळी पेठ पोचवायला गेली होती. आणि मी दुकानात बसून भांडी विकत होतो.

मी दोघांना समोर उभं केलं. म्हादबा वजनं पुसत राहिला. तानूबाई खाली मान घालून म्हणाली, "मालक, तुम्ही दुकान सोडून कुठं येताय, असं वाटलं."

असं कुणाला वाटलं? मी आलो असतो की नाही, ते मी ठरवलं असतं. मला कुणी सांगितलं का नाही? म्हादबा, तानूबाई, समोरचे तुम्हीसुद्धा, मला याचा जबाब पाहिजे.