नळीला लागलेला पाय

ऑक्सिजनचं मशीन खोलीत दिवसभर घरघरत असतं आणि त्याची लांब नळी माझ्या नाकापासून घरभर लोळत असते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरते. माझं फिरणंही तिथवरच. आज चहा आणताना बायकोचा पाय त्या नळीला लागला. कप ठेवून ती गुडघा धरत वाकली, नळीला हात लावला आणि तो छातीशी नेला. माणसाला पाय लागल्यावर करतो, अगदी तसा नमस्कार.

मी चिडलो. हल्ली धाप लागते, त्यामुळे धड चिडताही येत नाही.

"अगं, प्लॅस्टिकला... कसला नमस्कार?"

"तुम्हालाच लागला ना पाय," ती म्हणाली आणि कपावर बशी झाकून आत गेली.

या नळीला मी रोज शिव्या घालतो. रात्रंदिवस नाकात असूनही ती मला कधी माझी वाटली नाही. हिने मात्र तिला केव्हाच माझ्यात धरलं होतं, न सांगता.

दुपारी ही धुतलेले कपडे घेऊन दारात दिसली. चेहरा दमलेला, पावलं जड. वाटेत पसरलेले पाय जवळ घ्यावेत, तशी मी नळी हळूहळू ओढून घेतली.