दुसऱ्या नवरीच्या गाऊनचं माप

११ फेब्रुवारीला पडदेवाल्या बाईंनी ६,७५० रुपये मोजून लेकीसाठी लग्नाचा पांढरा गाऊन घेतला. गाऊन वापरलेला होता. एका नवरीने एकदाच, तोही चार-पाच तास, अंगावर घातलेला. दुकानाच्या भिंतीवर पाटी होती : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पैसे देता देता बाईंनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली आणि दर वेळी नोटा पहिल्यापासून मोजल्या.

बाई तशा मुळातच भित्र्या. गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरणाऱ्या. हॉटेलं आणि सभागृहांचे पडदे शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. बारा-बारा फूट लांब मखमल त्या एका दमात शिवायच्या, पण ब्लाउजच्या बाहीला हात लावत नसत. "मी सरळ शिलाईची बाई," त्या म्हणायच्या, "वळण आलं की माझी मशीन बुजते." म्हणून गाऊन घरी शिवायचा प्रश्नच नव्हता आणि नवा घ्यायची ऐपत नव्हती.

वापरलेला गाऊन घ्यायचा तर माप आधी हवं, म्हणून लेक जानेवारीत घरी आली तेव्हा बाईंनी तिला खिडकीपाशी उभं केलं. घरातला टेप कारखान्याचाच होता. त्या कारखान्याची एक जुनी रीत होती. कापडी टेपचं पितळी टोक निघून जातं आणि पहिली काही बोटं ताणून ताणून सैल पडतात. तिथले म्हातारे कापणारे काका टेप फेकून देत नसत. पहिले दहा सेंटीमीटर कात्रीने उडवायचे आणि टेप पुन्हा कामाला लावायचे. आकडा वाचायचा आणि त्यातून दहा वजा करायचे. कारखान्यात हे कुणाला सांगावं लागत नसे. लेक लहानपणी कापायच्या टेबलाखालीच अभ्यास करायची, त्यामुळे तिच्याही ते अंगवळणी पडलेलं.

"एकशे चार," बाई म्हणाल्या.

"चौऱ्याण्णव," लेक म्हणाली.

"नव्वद."

"ऐंशी. आई, टेप आवळ जरा, मी काय सभागृहाची खिडकी आहे?"

"श्वास सोड आधी. पोट आत घेऊन लग्न लागतं, संसार होत नाही."

छाती चौऱ्याण्णव, कंबर ऐंशी, नितंब एकशे एक. एवढं लिहून घेतलं आणि लेक संध्याकाळच्या बसने तिच्या कामाच्या गावी परत गेली. तिथल्या शीतगृहात ती औषधांची खोकी मोजून घ्यायचं काम करायची.

दुकानात गाऊन सापडला तेव्हा त्याच्या मानेपाशी शिवलेल्या चिठ्ठीवर सोळा हा आकडा होता. बाईंनी तो लगेच परत टांगला.

"का हो मावशी?" दुकानवालीने विचारलं. ती पस्तिशीची होती, तोंडात सदा दोन टाचण्या धरूनच बोलायची.

"माझी मुलगी बारा नंबरचे कपडे घालते."

"रोजचे. लग्नाच्या गाऊनचं गणित वेगळं असतं. रोज बारा घालणारीला ह्यात सोळाच लागतो. शिवाय आधीच्या नवरीने हा आपल्या अंगाबरहुकूम आत घेऊन घेतलाय, म्हणजे आता हा धड सोळाही राहिला नाही. चिठ्ठी नुसती नावाला."

"मग बघायचं काय?"

"टेप."

तिने गाऊन टेबलावर उताणा पसरला, पाठीची चेन लावली, शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजलं आणि दुप्पट केलं. छाती सत्त्याण्णव, कंबर त्र्याऐंशी. घेर खाली मोकळा, त्यामुळे नितंबांची काळजी नाही. "तीन सेंटीमीटर श्वासाला हवेतच," ती म्हणाली. मग गाऊन उलटा करून तिने आतली शिवण दाखवली. "आणि हे बघून ठेवा. आत कापड शिल्लक नाही, आधीच कापून टाकलंय. घट्ट हवा तेवढा करून देईन, सैल मात्र एक सूतही होणार नाही."

माप जमत होतं. बाईंनी गाऊन घेतला आणि खालची किनार करायला तिथेच ठेवला.

मार्चच्या सुरुवातीला दुकानवालीचा फोन आला. "मावशी, किनार कापायच्या आधी मुलीचं ताजं माप मागवा. नवऱ्या लग्नाआधी हटकून अंगाने उतरतात." बाईंनी लेकीला तसं कळवलं. दुपारच्या सुट्टीत उत्तर आलं : छाती ८३, कंबर ६८, नितंब ९१.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कंबर ऐंशीची अडुसष्ट. दोन महिन्यांत. आकडे त्यांनी दुकानवालीला पुढे पाठवले आणि हातातला डबा तसाच बंद केला.

माणूस असं उतरताना त्यांनी एकदा पाहिलं होतं. त्यांच्या नवऱ्याने एक दिवस पँट पुढे केली, कंबर आत घे म्हणून. पोट कमी झालं म्हणून बाईंना तेव्हा बरंच वाटलं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा दोन्ही मागचे खिसे एकमेकांना टेकले, आणि बाईंना कळलं. तरी त्यांनी विचारलं नाही. विचारलं की ते खरं होईल असं त्यांना वाटत होतं. एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "तुमची तब्येत...", तर तो हसून म्हणाला, "मला काय धाड भरलीय!" वर्षाच्या आत तो गेला. ती पँट अजून कपाटात होती.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!" लेक म्हणाली. मागे कुणीतरी खोकी ओढत होतं. "आई, नंतर बोलू का? गाडी लागलीय."

बाईंनी फोन खाली ठेवला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. लेकीने पाठवलेले सगळे फोटो त्यांनी काढून पाहिले, पण शीतगृहात ती जाडजूड कापूस भरलेलं जाकीट घालायची. त्यात हत्ती आहे की काडी, काय कळणार? चेहरा मोठा करून पाहिला तर गाल बसल्यासारखे वाटायचे, आणि पुन्हा पाहिला की नाही वाटायचे. त्या फोनवर भाजी कोणती केलीस, पोळ्या किती खाल्ल्यास, असं आडून आडून विचारू लागल्या.

"आई, तू हल्ली खाणावळ काढलीयस का?"

"सहज विचारलं गं."

"दिवसातून तीनदा सहज?"

आणि तरी मूळ प्रश्न काही ओठांवर येईना. याच धास्तीत कारखान्यात त्यांनी एका सभागृहाचा अख्खा पडदा उलटा शिवला, मखमलीची लव आत आणि अस्तर बाहेर. इस्त्रीवाले मामा तो खांद्यावर घेऊन सगळीकडे फिरले. "बघा हो, बाईंनी नाटकवाल्यांना लाजवलं. आता प्रेक्षकांनी रंगमंचावर बसायचं!" सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मग नळाखाली हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

शनिवारी दुकानवालीने बोलावलं. गाऊन पुतळ्यावर चढवलेला होता, दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून आत घेतलेला.

"बारा सेंटीमीटर म्हणजे खेळ नाही, मावशी. आतलं कापड उडवलं नाही तर बगलेखाली गाठोडं दिसेल. कापू ना?"

तिच्या हातात कात्री उघडी होती. बाईंना वाटलं, आता हो म्हटलं म्हणजे ते आकडे आपण कबूल केले. लेक एवढीशी झाली आहे, यावर आपलीच सही.

"नको!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की दुकानवालीच्या तोंडातली टाचणी पडली. "कच्चे टाके... नाही, मशीन मार, पण कापू नकोस. मी तिच्या अंगावर घालून बघते."

"कुठे? तिच्या गावी जाणार? लग्न पुढच्या आठवड्यात आहे!"

"उद्याच जाते."

रविवारी सकाळच्या बसमध्ये बाईंनी गाऊनची पिशवी मांडीवर घेतली, वर सामान ठेवायच्या फळीवर ठेवली नाही. वाटभर त्या प्रश्न घोकत होत्या. 'तुला काही होतंय का?' नको, फार एकदम होईल. 'डॉक्टरकडे गेली होतीस का?' त्याहून वाईट. शेजारचा माणूस केळं सोलत म्हणाला, "लग्न वाटतं घरात?" बाई "हो" म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटेल असं वाटलं म्हणून खिडकीकडे तोंड फिरवलं. वळणावर बस हलली की पिशवीतला गाऊन हलायचा. आत घेतलेली कंबर त्यांनी पिशवीवरूनच चाचपली. दोन्ही हातांच्या बोटांत जवळजवळ मावत होती.

लेक आणखी एका मुलीबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडलं तेव्हा अंगावर जाकीट नव्हतं, साधा घरातला कुडता होता. केस ओले होते. बाईंनी पिशवी खाली टाकली आणि तिचं मनगट धरलं, मग दंड, मग गाल. मनगट होतं तेवढंच होतं.

"आई? कोण गेलं?" लेक घाबरून म्हणाली.

"कुणी नाही. गाऊन घाल."

"आत्ता? पाणी तरी पी."

"आधी घाल."

गाऊन खांद्यावरून उतरला आणि कंबरेशी अडला. बाईंनी पाठीमागून चेन धरली. दोन कडांमध्ये चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं. त्यांनी ओढलं. लेकीने पोट आत घेतलं, पुन्हा ओढलं, पण अंतर तेवढंच.

"अगं आई गं," लेकीचा आवाज रडवेला झाला, "मी एवढी सुटले? आठवड्यावर लग्न आलंय! तू तर म्हणाली होतीस माप जमलंय."

"तूच ना पाठवलंस, अडुसष्ट म्हणून?"

"मग अडुसष्टच आहे. थांब, तुझ्यासमोर मोजते."

तिने मैत्रिणीच्या खणातून टेप काढला, नवाकोरा गुलाबी, आणि कंबरेभोवती घेतला. "हे बघ. अठ्ठ्याहत्तर. म्हणजे अडुसष्ट."

बाईंनी वाकून टेपवरचा आकडा वाचला.

"म्हणजे कसं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे दहा वजा..." असं म्हणून लेक थांबली. तिने टेपचं टोक वर धरलं. पितळी पट्टी जागच्या जागी होती, आणि पट्टीशेजारी एक हा आकडा.

मैत्रीण पलंगावरून म्हणाली, "दहा कशाला वजा करायचे?"

लेकीने आयुष्यात दुसरा कुठला टेप कधी हातात धरला नव्हता. बाई मटकन खाली बसल्या, गाऊनच्या घेरावरच, आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांचा आवाज बदलला. लेक अर्ध्या चेनीचा गाऊन सावरत त्यांच्यासमोर बसली.

"आई, काय वाटलं तुला?"

"तुझ्या बाबांची कंबर मी तीनदा आत घेतली," बाई म्हणाल्या. "एकदाही विचारलं नाही, काय होतंय म्हणून. तू फोनवर त्यांच्यासारखंच बोललीस, धाड भरलीय म्हणून. मला वाटलं, आता ही."

लेकीने गाऊनचा घेर त्यांच्या खालून ओढून घेतला. मग म्हणाली, "मग विचार ना आता."

"आता कशाला? चूक टेपची होती."

"तरी विचार."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. इतक्या दिवसांचं घोकलेलं सगळं विसरलं होतं. "तुला काही होतंय का गं?"

"होतंय. रात्रीची झोप लागत नाही. सारखी भीती वाटते, लग्नाची, नव्या घराची, सगळ्याचीच. तुला सांगितलं तर तू दुप्पट घाबरशील, म्हणून नाही बोलले. जेवण मात्र व्यवस्थित चालू आहे, बघतेसच."

"घाबरलेच असते," बाई म्हणाल्या. "पण दोघी मिळून घाबरलो असतो."

त्या रात्री त्या तिथेच राहिल्या. झोप दोघींनाही लागली नाही. अंधारात लेक एकेक भीती सांगत गेली. काही भीतींवर बाईंकडे तोडगा होता. बऱ्याचशा भीतींवर नव्हता, तेव्हा त्या नुसत्या "हं" म्हणत राहिल्या.

सोमवारी गाऊन दुकानात परत आला. दुकानवालीने सगळी हकीकत ऐकली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "परवा कात्री चालली असती तर काय केलं असतंत?" बाईंनी गाऊन उलटा करून आतली शिवण बोटाने चाचपून पाहिली. दोन्ही बाजूंची शिवण उसवून गाऊन पुन्हा त्र्याऐंशीवर आणला गेला. लग्नाच्या दिवशी चेन न अडता लागली. बाई समारंभभर मुलीच्या पाठीमागे उभ्या होत्या, एक हात चेनीपाशी ठेवून, कुणी पुढे बोलावलं तरी हलल्या नाहीत.

शिवण मारून पुन्हा उसवल्याचे दीडशे रुपये दुकानवालीला द्यायचे राहिले आहेत.