पंख्याखालचा गोठा

ग्रामपंचायतीच्या दप्तरी मी वर्षभर गोठ्यात राहत होतो. तशी नोंद मीच करून घेतली होती.

झालं असं, नव्वदच्या दशकात आम्ही पिंपळवंडीच्या घराला पुढं एक स्लॅबची खोली काढली. मोझॅकची फरशी, भिंतीत शोकेस, वर पंखा! फरशीचं पॉलिश वाळतंय तोच दवंडी आली, घरपट्टीची नवी आकारणी होणार. ग्रामसेवक घरोघरी टेप लावून मोजणार! नानांचा (म्हणजे वडिलांचा) चेहरा पडला. घरात बी.कॉम. झालेला मी एकटाच, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नियम वाचले नव्हते, पण बी.कॉम.वाल्याला न वाचताही बरंच कळतं!

"गोठ्याला पट्टी बसत नाय," मी जाहीर केलं. "चंद्रीला आत बांधा."

चंद्री म्हणजे आमची म्हैस.

"आरं, कालच फरशी पुसली मी!" आई ओरडली. "ती लई घाण करती!"

"तासाभराचा तर प्रश्न हाये!"

चंद्रीचे पाय घसरू नयेत म्हणून पोती अंथरली. नानांनी पुढून ओढलं, मी मागून ढकललं. आत पंखा चालू होता. (बंद करायचं माझ्या बी.कॉम. डोक्यात आलं नाही.) ते वारं अंगावर घेत चंद्री ऐसपैस बसली.

ग्रामसेवक भाऊसाहेब दारातच थबकले.

"हे काय?"

"गोठा," मी म्हणालो.

"शोकेस कशापायी?"

"पेंड ठेवायला."

"आन् पंखा?"

"मच्छर लई झालेत, भाऊसाहेब."

तेवढ्यात चंद्री उठली, शेपटी वर केली आणि भर फरशीवर पुरावा सादर केला! भाऊसाहेबांनी नाकाला रुमाल लावून वहीत 'गोठा' असं लिहिलं. नाना माझ्याकडे कौतुकानं बघत होते. असं तर त्यांनी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मंचरकडचं स्थळ आलं. मुलगी मला मनापासून आवडली. मीही तिला बरा वाटलो असावा, कारण ती दोनदा हसली. तिचे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त विश्वास! घर बघायला आले आणि त्याच खोलीत बसून त्यांनी घराचा उतारा मागितला. नानांनी हौसेनं आणून दिला.

पाहुण्यांनी चष्मा लावला.

"जुनं घर, तीन खोल्या. पुढं गोठा." त्यांनी मान वर केली. "मंग आपण आत्ता बसलोय ते काय?"

नानांनी चहाची बशी पाहुण्यांपुढं सरकवली.

"मुलाची खोली कंची?"

"हीच की!" आई अभिमानानं म्हणाली.

पाहुणे उठलेच. "पोरगी गोठ्यात देऊ व्हय, राव? आधी कागद दुरुस्त करा, मंग बघू!"

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रामपंचायत गाठली. तिथं पट्टी कमी करून घ्यायला अर्धा गाव जमला होता.

"भाऊसाहेब, आमची पट्टी वाढवा!"

एकजण माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागला.

"अर्ज द्या," भाऊसाहेब म्हणाले. "कारण लिहा."

मी लिहिलं, 'लग्न.'

पाहणीच्या दिवशी मी खोली तीनदा फिनेलनं धुतली. खाट टाकली, बी.कॉम.चं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलं.

"इथं कोण राहतं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी."

"पुरावा? मागच्या येळंला म्हशीनं तरी दिला व्हता!"

मी हात जोडले. भाऊसाहेब पोट धरून हसले आणि त्यांनी नोंद केली: राहती खोली, स्लॅबची. पट्टी वाढली, लग्न ठरलं आणि झालंही.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी मी त्या खोलीत आडवा पडलो होतो. बायकोनं दोनदा सांगितलं, दळण आणा. मी दोन्ही वेळा नुसती कूस बदलली. तिसऱ्यांदा ती दारात आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि आपल्या सासूबाईंना हाक मारून म्हणाली,

"आत्या, भाऊसाहेबांनी नोंद बदलायची उगा घाई केली बघा!"