मार्थाताईला कळलेला उपग्रह

असल्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. हायस्कूलला फिजिक्स शिकवायचो ना... कारण सांगितल्याशिवाय पोरांना खाली बसू द्यायचो नाही. आणि या एका गोष्टीचं कारण मलाच सापडलेलं नाही.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार. श्रीरामपूरला चर्चमागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी थोरली बहीण मार्थाताई राहायचो. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेलेले. घरामागून मालगाडी धडधडत गेली तरी तिला पत्ता नसायचा.

पुण्याच्या एका संशोधकांनी मला रिसीव्हर आणि टेपरेकॉर्डर दिला होता. एक छोटा उपग्रह आकाशातून जाताना बीप-बीप करायचा. सूर्यावर वादळ उठून तो खवळला की वरच्या विरळ हवेत गडबड होते आणि ते बीप थरथरतं – ते टेप करायचं, एवढंच काम. उपग्रहाच्या वेळा पोस्टाने यायच्या.

एकदा वेळापत्रक आलंच नाही. आणि त्याच सकाळी रेडिओच्या शॉर्टवेव्हवरची सगळी स्टेशनं गायब! म्हणजे सूर्य खवळला होता. वर्षभर याचीच वाट पाहिलेली... मी आकडेमोड करून टेप लावली, दोनदा वेळ चुकली, रिळं वाया गेली. टेपचं एकच रीळ उरलं.

दुपारी ताई अंगणात गहू निवडत होती. एकदम सूप खाली ठेवून तिने दक्षिणेकडे बोट केलं.

"जॉन्या, आलं बघ! लाव की तुजं मशीन!"

"काय आलं?" मी हातानेच विचारलं.

"तुजं ते वरचं. आज लई थरथरतंय."

चिडूनच मी बटण दाबलं. आधी नुसती खरखर... मग बीप! फाटकं, थरथरतं, पण तेच! ताईचं बोट हळूहळू उत्तरेकडे सरकत गेलं. तिने हात खाली घेतला आणि आवाज थांबला.

पुढच्या फेरीला तिला मुद्दाम लांब, चर्चच्या आवारात बसवलं. तिने हात वर केला की मी खिडकीतून बघून बटण दाबायचं. पुन्हा बीप! रीळ संपेपर्यंत एकही फेरी चुकली नाही.

टेप ऐकून संशोधक स्वतः आले. "वेळापत्रक गावोगावच्या कुठल्याच निरीक्षकाला मिळालं नव्हतं हो! तुमची एकट्याची टेप आहे! वेळ कशी कळली?"

मी ताईकडे बोट केलं. ते हसले. नवं वेळापत्रक त्यांच्या खिशातच होतं. घड्याळ हातात धरून ते ओट्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने ताई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आलं."

त्यांनी घड्याळ पाहिलं. खिशातला कागद पाहिला. मग उठून उभे राहिले आणि ताईला चक्क वाकून नमस्कार केला.

"कसं कळतं?" त्यांनी पाटीवर लिहून विचारलं.

"मला काय ठावं? अंगाला कळतं."

अहवालात निरीक्षकांच्या यादीत माझ्या आधी ताईचं नाव छापून आलं. मी तो साऱ्या गल्लीला दाखवत फिरलो! 'वेळ कशी ठरवली' या रकान्यात मात्र तिच्या नावापुढे नुसती रेघ होती. त्या रेघेच्या जागी काय लिहावं, ते मला आजही माहीत नाही.