आधी मंगळम, मग नाटक?

मंडळी, कालच्या मेलमध्ये मी लिहिलं की आपल्या जुन्या संगीत नाटकाच्या चित्रपटासाठी शेवटचं मंगळम चित्रीकरणात सगळ्यात आधी गायला काका तयार आहेत. ते चूक होतं. मी काकांना विचारलंच नव्हतं. दिग्दर्शकांना परस्पर होकार देऊन टाकला होता.

आज तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर ते अंगाशी आलं. काकांनी तंबुरा खाली ठेवला. "मंगळम झालं म्हणजे नाटक संपलं. पुढं काय गायचं?"

"घाट शूटिंगला आजच मिळालाय, सार," दिग्दर्शक म्हणाले. " एडिटिंगमध्ये शेवटी लावू. कोणाला कळणार?"

"मग लग्नाआधी पंगत उठवा, तीही एडिटिंगमध्ये लावा!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. असा वैताग आला! तालमीतसुद्धा मंगळम पुरं म्हणायचं नाही, हे मला लहानपणी काकांनीच शिकवलेलं. तरी दिग्दर्शकांना घाबरून मी तेव्हा हो म्हटलं होतं. काका उठून घरी गेले, आणि नाटकातली सगळी पदं येणारे आता ते एकटेच आहेत.

तुम्ही कधी दुसऱ्याच्या वतीनं असं हो म्हणून बसलात का?

काकांची माफी मागून झाली. आता माझं खोटं कबूल करून, घाट नसला तरी मंगळम शेवटच्या दिवशीच घ्या, हे दिग्दर्शकांना सांगायचंय. ते संध्याकाळीच मद्रासला गेलेत; परतताच सांगणार, बुधवारी सकाळी.